काचेआडचं कुसळ

मोहाडीच्या बाजारात पुंडलिकराव घडीसाजाच्या काचेच्या पेटीत ते घड्याळ दिसलं आणि जिजा स्वतःच्या घड्याळाचा पट्टा बदलायचं विसरली. फेवर ल्यूबा, पांढरी तबकडी. सहाच्या आकड्याखाली, काचेच्या आत, एक पिवळसर रेघ.

"काका, हे कुठचं?"

"बालाघाटच्या जुन्या बाजारातलं. मशीन असली, तबकडी असली, काटे तेवढे बदललेले. सव्वाशे दे, मास्तरीणबाई."

"उघडून दाखवा न."

"घ्याचा पत्ता नाही अन् उघडून पाह्यते! नवरदेव पाह्यले आली का?" पण तिचा चेहरा पाहून पुंडलिकरावांनी हत्यार उचललं.

जिजाच्या वडिलांजवळ असंच घड्याळ होतं. तलावात मासे मारणारा आसाराम चिखल्याच्या खाणीत लागला, तेव्हा तिथल्या एका साहेबानं बदली होताना ते त्याला दिलं होतं. सुटीत घरी आला की तो जाळं घेऊन तलावावर जायचा. एकदा घड्याळ हातात ठेवूनच पाण्यात उतरला. काच निखळली, पाणी आत गेलं. ओलं काही सुकवायची जिजाच्या आईची, रेवताबाईची, एकच रीत. तिनं ते धानाच्या ढोलीत पुरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी घड्याळ चालू झालं. काच दाबून बसवली, तर आत धानाचं कुसळ. आसाराम पोट धरून हसला होता.

त्र्याहत्तर साली खाणीतलं काम सुटलं आणि तो तेच घड्याळ हातात घालून काम शोधायला निघून गेला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. यंदा बारा वर्षं झाली. बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाचा गवताचा पुतळा करून क्रियाकर्म करायचं, अशी रीत. आसारामच्या धाकट्या भावानं, खुशालकाकानं, येती अमावास्या धरली होती. रेवताबाईच्या हातातल्या बांगड्या तेवढ्याच दिवसांच्या होत्या.

मागचं झाकण निघालं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेलं होतं: ११-७६. त्याखाली, वेगळ्या हाताचं: ३-८१.

"हे काय?"

"साफसफाई केली का घडीसाज आपली खूण टाकते. महिना अन् साल."

जिजा बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवायची. कुसळ कोणाच्याही घड्याळात जाऊ शकतं, तिनं स्वतःला बजावलं. तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. मग तिला एक सुचलं.

"काका, साफ करताना तबकडी काढता?"

"काढाच लागते. काच, काटे, तबकडी, सारं. ब्रश फिरवतो, फुंकर मारतो."

"मग हे कुसळ दोन्ही वेळा राहिलं कसं?"

पुंडलिकरावांनी डोळ्याला भिंग लावलं.

"राह्यलं नाही, पोरी. ठेवलं हाये. गिऱ्हाईक म्हणल्याबिगर कोणता घडीसाज कचरा वापस ठेवीन?"

घरी रेवताबाई अंगणात जाळं विणत होती आणि खुशालकाका पूजेच्या सामानाची यादी सांगत होता. जिजानं विकत आणलेलं घड्याळ आईच्या तळहातावर ठेवलं आणि सारं सांगितलं. रेवताबाईनं काचेवरून बोट फिरवलं. "आपल्या ढोलीतलं," ती म्हणाली.

खुशालकाका कितीतरी वेळ बोटांवर मोजत राहिला.

"वहिनी, बारा वर्षं शेवटच्या खबरेपासून धराची असते. दादाची खबर एक्याऐंशीची निंगाली. मंग त्र्याण्णवपर्यंत काही कराचं नाही." त्यानं यादीचा कागद घडी करून खिशात टाकला.

ज्यानं काडीएवढं कुसळ आठ वर्षं जपलं, त्याच्या हातून घड्याळ सुटलं कसं? हा प्रश्न जिजाच्या जिभेवर आला आणि तिनं गिळला. आईच्या डोळ्यांत तोच होता. तिनंही विचारलं नाही.

"चाबी दे न त्याले," रेवताबाई म्हणाली. "काहून बंद ठेवलं?"

जिजानं चावी दिली. रेवताबाईनं बांगड्या कोपराकडे सारल्या, घड्याळ मनगटावर चढवलं आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. पट्टा मोठा होता. त्याला जास्तीचं भोक पाडायचं का, असं जिजानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "त्याच्याच मापाचा राहू दे."