लेनर्डचा होकार

अर्धांगवायूचा झटका आला आणि लेनर्ड व्होंद्राचेकच्या तोंडात एकच शब्द उरला: ‘हो’. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. समजायचं मात्र सगळं. भूक लागली तरी हो, पाठ दुखली तरी हो. नाही म्हणायचं असलं तरी हो! मान आडवी हलवायला जावं तर तीही मेली उभीच हलायची. कुठला हो खरा नि कुठला खोटा, हे फक्त त्याच्या बायकोला, आर्लीनला कळायचं. जन्मभर त्याचे नकार पचवलेली बाई ती, डोळे बघून ओळखायची.

आज आर्लीन औषधं आणायला गावात गेली होती. लेनर्डजवळ बसायला शेजारचा डॅरल कुबिक आला होता. स्वतःच्या शेतातली फवारणी उरकून तो ट्रॅक्टर तसाच घेऊन आला होता. मागच्या टाकीत तणनाशक उरलेलं होतं.

व्हरांड्यातून समोरची टेकडी दिसायची. नेब्रास्काच्या त्या भागात नांगर न लागलेलं तेवढंच रान शिल्लक होतं. आजोबांनी दगडांना कंटाळून सोडलं, बापाने आळसाने सोडलं, आणि लेनर्डने जीव लावून राखलं. तिथे आता प्रेअरी क्लोव्हर नावाचं रानफूल फुलायला लागलं होतं. बोटाच्या पेराएवढी बोंडं आणि त्यांच्याभोवती खालून वर चढत जाणारं जांभळं कडं. त्याची मुळं पुरुषभर खोल जातात. मुळांवरच्या गाठी जमिनीला खत देतात आणि त्यावर शेजारचं गवत पोसतं. मधमाश्या तर नुसत्या तुटून पडायच्या. टेकडीखालच्या, मक्याने पिळून काढलेल्या पट्ट्यात लेनर्ड दरवर्षी त्याचं बी टाकायचा. गाव त्याला ‘तणाचा माळी’ म्हणून हसायचं. वर्षानुवर्षं तिथे काही उगवलं नाही. आणि यंदा, तो खुर्चीला खिळला तेव्हाच, तिथे पहिल्यांदा जांभळं दिसलं होतं.

“लेन, लेका, टेकडीवर काटे बघ किती माजलेत!” डॅरल म्हणाला. “तू आजारी काय पडलास, तणाला मोकळं रान मिळालं.”

लेनर्डची नजर टेकडीवरून ट्रॅक्टरच्या टाकीकडे गेली.

“टाकीत औषध उरलंय. मारून टाकू का? खालच्या पट्ट्यातही मारतो. घाबरू नकोस, गवताला धक्का लागत नाही. गवत सोडून बाकी सगळं मरतं.”

बाकी सगळं! अरे बाबा, त्या बाकी सगळ्याच्या जिवावरच तर ते गवत जगत होतं. लेनर्डने अंगातलं सगळं बळ जिभेवर आणलं.

“हो,” तो म्हणाला.

“मग झालं तर!”

“हो! हो!” त्याने डाव्या हाताने खुर्ची बडवली. डोळ्यांत पाणी आलं.

“अरे हो हो, जरा धीर धर की! चाललोच.” डॅरलने त्याच्या खांद्यावर थाप मारली. “आणि रडतोस काय वेड्या? शेजारी कशाला असतात?”

माणूस वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या, मनातल्या मनात का होईना. पण डॅरल देवमाणूस. गेल्या हिवाळ्यात यांच्या दारातला बर्फ त्यानेच उपसला होता. ट्रॅक्टर टेकडीवर चढला, औषध मारत खाली आला, मग खालच्या पट्ट्यात शिरला. लेनर्ड बघत राहिला. मान वळवायचंही त्याला सुचलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आर्लीन परतली तेव्हा वास अंगणापर्यंत आला होता. ती गाडीचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिली.

“मी आपल्या मनाने नाही हं केलं,” डॅरल हात पुसत म्हणाला. “आधी लेनला विचारलं. एकदा सोडून तीनदा हो म्हणाला!”

आर्लीनने लेनर्डकडे पाहिलं. तिला एका नजरेत कळलं. बोलून आता काय उगवणार होतं? ती आत गेली, कॉफी केली, गावातून आणलेले, जर्दाळू भरलेले ‘कोलाची’ नावाचे गोड पाव डॅरलपुढे ठेवले.

डॅरल मनापासून जेवल्यासारखा खात होता. बोटं चाटत त्याने विचारलं, “लेन, पुढच्या वर्षीही मारून देऊ ना?”

लेनर्डने डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.