अजून थोडं वर, मग नाश्ता

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. रॉकेल भरायचं, पंप मारायचा आणि पेटवायचं, अशा जातीचा. माझी जागा स्वयंपाकघरात. तरीही माझे किती रविवार सायकलच्या कॅरिअरवर, सुतळीनं आवळलेल्या अवस्थेत गेले! त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

ठाण्याच्या बाजारातल्या एका दुकानात मी नवाकोरा झळकत होतो. कोपरीच्या गुणाजींनी मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं. लेक कलावती डोंबिवलीला नांदायला आली, तिच्याबरोबर मीही आलो. १९८३ साल असेल. गॅससाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. तोवर चहा, भात, आमटी, सगळं माझ्याच डोक्यावर. कलावती मला चिंच लावून घासायची. शेजारच्या मीराबाई म्हणायच्या, "काय गं, सोन्याचा आहे की काय?" मी सुखावून जायचो.

पण कलावतीचा नवरा महिपत! तो केमिकलच्या कंपनीत कामाला. आठवडाभर नाकात तो उग्र वास. म्हणून रविवार उजाडला की त्याला डोंगर हवा असे, आणि डोंगरावर बसून गरम पोहे. त्याचा मित्र दौलत सोबत असायचा. दोघे सायकली काढायचे आणि मला उचलून न्यायचे. मग मागे कलावतीनं चहा कशावर करायचा? ते तिचं तिनं बघावं.

तिकडे माझे हाल तर विचारूच नका. वाऱ्यात मला पेटवायचं, पेटलो नाही की मलाच शिव्या. टाकीत माती, बर्नरमध्ये काजळी. पंपाच्या वायसरला तेलाचा थेंब घालावा, एवढंही महिपतला सुचायचं नाही. आणि जागा कधीच पसंत पडायची नाही! "इथून खाडी नीट दिसत नाय रे, अजून थोडं वर." वर गेलं की, "त्या झाडापलीकडे भारी दिसेल." भुकेनं दौलतचा चेहरा उतरायचा, पण मित्राचं मन मोडवत नसे.

एका रविवारी कलावती पदर खोचून दारात उभी राहिली.

"माझा स्टोव्ह जाईल तिथं मी येणार."

"अगं, चढ आहे. तुला झेपणार नाय."

"स्टोव्हला झेपतं ना? मग मला पण झेपेल."

निघालो. ती महिपतच्या मागे बसली, मी दौलतच्या. नेवाळीच्या पुढे एका ओळखीच्या घरी सायकली ठेवून मंडळी मलंगगडाच्या बाजूची टेकडी चढू लागली. मी महिपतच्या पिशवीत कढईला आपटत होतो. ऊन वर आलं. पहिली सपाटी गेली, दुसरी गेली. महिपतचं आपलं चालूच, "अजून थोडं वर."

तेवढ्यात दौलत मटकन खाली बसला. अंगाला घाम फुटलेला, हात थरथरत होते.

"भावजी, काय होतंय?" कलावती धावली.

"डायबिटीसची गोळी घेऊन निघालेलो, वहिनी... खाल्लं काहीच नाय. वर गेल्यावर खायचं होतं ना."

तिनं चहाच्या साखरेचा डबा उघडला आणि मूठभर साखर त्याच्या तोंडात घातली. मग नवऱ्याकडे वळली. "नुसत्या साखरेवर भागणार नाही. काढा तो स्टोव्ह."

"इथं?" महिपत गोंधळला. ती म्हशींची वाट होती. शेण, माशा, पुढ्यात काटेरी झुडपं. "अगं, इथून दिसतंय काय?"

"दौलतभावजी दिसतायत. तेवढं पुरे."

महिपतनं दगड रचून आडोसा केला आणि पंप मारू लागला. पण मी पेटेना. मित्रांनो, इतकी वर्षं मी चिडचिड केली, पण त्या दिवशी मला भीती वाटली. कलावतीनं त्याला बाजूला केलं, बर्नरमध्ये पिन घातली, पोह्यांसाठी आणलेल्या बाटलीतलं थेंबभर तेल वायसरला लावलं, आणि पुन्हा पंप मारला. मी फुरफुरलो आणि निळ्या ज्योतीनं पेटलो.

त्या शेणाच्या वाटेवर पोहे झाले. दौलतनं दोन बशा संपवल्या, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "वहिनी, एवढे चांगले पोहे कधी खाल्ले नाय," तो म्हणाला. महिपत खाली मान घालून खात होता. घास गिळून हळूच म्हणाला, "दौलत, माझं चुकलं रे. आता भूक लागेल तिथं बसायचं." आणि त्यानं तो शब्द पाळला. कलावतीही मग दर रविवारी जाऊ लागली. कधी बारवीच्या धरणाकाठी, कधी नुसत्याच एखाद्या बांधावर.

नव्वदच्या दशकात घरी गॅस आला. डोंगरावर न्यायला छोटी शेगडी आली. मला माळ्यावर टाकलं, तेही टाकीतलं रॉकेल न काढता! त्याचा आता पोटात चिकट गाळ झाला आहे. रविवारी पहाटे खाली पिशव्या भरल्याचा आवाज येतो, दौलतचं हसणं ऐकू येतं, आणि ज्या डोंगरांना मी नावं ठेवली त्यांचीच मला आठवण येते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या माळ्यावर कुणी असा पडला असेल, तर त्याला खाली घ्या. टाकी रिकामी करा, स्वच्छ पुसा. तुम्हाला नको असेल तर ज्याची चूल अडली आहे त्याला देऊन टाका. आम्हाला शोभेची जागा नको. आमच्यावर कुणाचं तरी आधण ठेवा.