सैल गाठ

कृष्णवेणीच्या धाकट्या भावाला, गोपालकृष्णला, चार दिवस साधी सर्दी होती. पाचव्या दिवशी तो पापनाशमहून बसने तंजावूरला तिच्या दारात आला, तेव्हा त्याची छाती सूं सूं वाजत होती आणि दोन्ही कोपरांची कातडी खाजवून रक्ताळली होती. तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला, ऑटो बोलावली आणि त्याला दवाखान्यात नेले.

डॉक्टर नंदिताने आधी नेब्युलायझर लावला. धाप जरा खाली बसल्यावर गोपालकृष्णने ओशाळून विचारले, की लहानपणापासूनची ही खाजवायची सवय आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तरी सुटेल का.

"ही सवय नाही, सर," ती म्हणाली, आणि तिने सावकाश समजावले. सर्दीचा विषाणू श्वासनळीत शिरला की शरीराच्या राखणदार पेशी जाग्या होतात. काहींच्या अंगात त्या गरजेपेक्षा जास्त खवळतात आणि नसांना डिवचतात. डिवचलेल्या नसा श्वासनळी आवळतात, खोकला आणतात, शिवाय आणखी पेशींना बोलावून घेतात. त्वचेतही तसेच, तिथे नसा खाज उठवतात. खाजवले की कातडी फाटते आणि पेशी पुन्हा भडकतात. नुसत्या निग्रहाने ते थांबत नाही, त्याला औषधच लागते.

कृष्णवेणीने मान खाली घातली. घरी त्याच्या कोपराला मलम लावता लावता मात्र तिला राहवेना. ती बारा वर्षांची आणि तो सहाचा असताना, त्याने खाजवू नये म्हणून आई तिला त्याचे हात जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, पट्ट्यांनी खाटेला बांधायला लावी. तो रडे.

"मी तुला हट्टी म्हणायची, गोपू. चुकले माझे."

"अक्का, तू गाठ नेहमी सैल बांधायचीस. आई आत गेली की मी हात सोडवून घ्यायचो. मला वाटायचे, तू मुद्दामच करतेस."

"मला गाठच मारता येत नव्हती रे. त्यासाठी आईची बोलणी खाल्लीत मी."

तो हसला, हसता हसता खोकला, आणि ती त्याची पाठ चोळत राहिली.

आठ दिवसांनी तो परत निघाला. स्टँडवर तिने त्याच्या कोपरावरची नवी, कोवळी कातडी बोटाने हळूच चाचपली आणि मगच त्याला बसमध्ये चढू दिले.