तळ्याचा फेरा

सावंतवाडीच्या बेकरीतले पाव दाणोलीच्या अंगाला पोचवायचे ते परशुराम धुरीनेच. सायकलच्या मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यावर मेणकापड, हँडलला रबरी भोंगा. भोंगा ऐकला की माडखोलच्या बायका चुलीवर चहाचं आधण ठेवीत. पुढे दाणोली, केसरी, देवसू, आणि आठवड्यातून एकदा सायकल हातात धरून घाट चढून आंबोली. तिथे टोपली रिकामी झाली की सरळ खाली यावं, तर हा कधी चौकुळच्या वाटेला लागे, कधी गेळ्याच्या. धुक्यात चारदोन घरं, एखादा धनगर, आणि कड्यावरून खाली दिसणारा सगळा मुलूख, एवढंच बघून परत येई.

"थंय काय ठेवलाहा?" बायको सुभद्रा विचारी.

"काय्येक नाय. वाट बरी आसा," तो म्हणे.

एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर कुडाळच्या मैदानात कोणी सायकलवाला येऊन दिवसरात्र न उतरता सायकल चालवून गेला. चार महाल पलीकडून माणसं बघायला गेली. सावंतवाडीच्या लोकांना ते बोचलं. सगळ्यात जास्त बोचलं ते हरिश्चंद्र केसरकराला. त्याचं कापडाचं दुकान होतं, तरुण मंडळाचा तो अध्यक्ष होता आणि भाषणाची त्याला फार हौस.

"मैदानात कोणीही गरगरेल," तो बेकरीच्या दारात उभा राहून म्हणाला. "आपला परशुराम मोती तलावाभोवती फिरेल. या रविवारी बसेल तो पुढच्या रविवारी दिवस मावळल्यावरच उतरेल."

परशुराम हसला. सायकल तर रोजच चालवतो, तेवढ्याचं काय, असं त्याला वाटलं. दाणोलीला थोरल्या भावाकडे त्याची आई यमुनाबाई राहत असे. बातमी कळली तशी म्हातारीने गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की आयतवारी दिवस मावळेपर्यंत माझ्या झिलाचो पाय भुंयेक लागाचो नाय, तेका सांभाळ. मग तो विषय संपला. आईचा शब्द देवापाशी गेला होता.

पहिले एकदोन दिवस मजेत गेले. तळ्याकाठी पताका लागल्या, कर्णा लागला. राजवाड्यासमोरून निघायचं, बाजाराच्या बाजूने वळायचं, पुन्हा राजवाडा. लोक टाळ्या वाजवीत. न्हावी चालत्या सायकलीबरोबर धावत त्याची दाढी करी, आणि सगळं गाव पोट धरून हसे. सुभद्रा पेज आणून त्याच्या हातात लोटा देई, पुढच्या फेऱ्याला रिकामा लोटा परत घेई. एका कोपऱ्यात झावळांचा आडोसा केला होता. तिथे दोघेजण सायकल धरत, पण पाय खाली टेकू देत नसत. रात्री दोन गडी दोन्ही बाजूंनी चालत, म्हणजे डोळा लागला तरी तो पडू नये.

मग हळूहळू ते तळं त्याला आवळू लागलं. तोच माड, तीच पायरी, त्याच पायरीवर बसलेला तोच म्हातारा. डावीकडे पाणी, नेहमी डावीकडेच. मांड्यांना गोळे आले, तळहातांची सालं गेली, कमरेखाली आपलं अंग आहे की नाही ते कळेना. पण त्याहून वाईट म्हणजे समोर आंबोलीचा रस्ता दिसे. बाजाराच्या वळणावर तो उजवीकडे फुटत होता. गाड्या आत येऊ नयेत म्हणून मंडळाने त्याच्या तोंडाशी दोर बांधला होता. दर फेऱ्याला परशुरामाची मान तिकडे वळे आणि हँडल डावीकडे.

गुरुवारी हरिश्चंद्र दुसऱ्या सायकलवरून त्याच्या शेजारी आला.

"हरीबाबू, माका आता पुरे झाला," परशुराम म्हणाला.

हरिश्चंद्राने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं होतंच. कुडाळवाल्यालाही झालं होतं. सरबत पाठवतो."

"सरबत नको. माका उतराचा आसा."

"वा! बोलतो कसा बघा!" हरिश्चंद्र लोकांकडे वळून हसला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका पोरांना कडेवर घेऊन त्याच्या पाया पडायला हात पुढे करीत होत्या. कोणी हार घाली, कोणी कपाळाला अंगारा लावी. कोणी रागावून बोलत नव्हतं, कोणी जबरदस्ती करत नव्हतं. भांडायचं तरी कोणाशी?

शनिवारी सकाळी सुभद्रा आली ती पेज न घेता. तळ्याच्या पायरीशी उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. तो जवळ आला तसं ती म्हणाली, "तुमच्या आवशीक बरां नाय."

आईचं एवढं ऐकेपर्यंत सायकल पुढे निघून गेली. थांबता येत नव्हतं. राजवाडा गेला, बाजार गेला, विडा चघळून व्हावा एवढा वेळ गेला, तेव्हा कुठे ती पुन्हा समोर आली.

"कोणी सांगल्यान?" त्याने विचारलं.

उत्तर मिळायला आणखी एक फेरा.

"कंडक्टरान. बुधवारीच निरोप इल्लो. हरिश्चंद्रान दडवून ठेवल्यान. माका आज कळला."

या फेऱ्यात त्याला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. बुधवार. म्हणजे सरबत पाठवतो म्हणाला तेव्हा त्याला ठाऊक होतं.

"कशी आसा ती?"

पुन्हा राजवाडा. पुन्हा बाजार. पायडल मारायचा जोर उरला नव्हता आणि तरी तो जीव खाऊन मारत होता, पुढचं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून.

"अन्न सोडल्यान. तुमचाच नाव घेता."

"मी उतरतंय," तो ओरडला. पण पाय सुटेना. पुढच्या फेऱ्याला त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "गाऱ्हाणा तिणाच घातलाहा गो! मी पाय टेकलंय आणि तिका काय झाला तर?"

सुभद्रा तिथेच उभी राहिली. तो एक फेरा तिने विचारात घालवला. तो आला तेव्हा ती त्याच्याबरोबर धावू लागली.

"उतरू नका. पण हंयसर फिरू पण नका. वाटेक लागा!"

ती तशीच पुढे धावत आंबोलीच्या रस्त्याच्या तोंडाशी गेली आणि दोराची गाठ सोडू लागली. मंडळाची पोरं धावली. हरिश्चंद्र आला.

"वहिनी, हे काय करता? गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. उद्याचा एक दिवस राहिला."

"तेची आवस मरता, आणि तुमी दोरी धरून उभे!"

ती हे इतक्या मोठ्याने बोलली की कर्णा लावणाऱ्याने गाणं बंद केलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. बऱ्याच जणांना ते आत्ताच कळत होतं. गाठ काही सुटेना. परशुराम वळणावर आला. आता वळला तर आणखी एक फेरा. तेवढ्यात पायरीवरचा तो म्हातारा उठला, कमरेची कोयती काढली आणि दोर तोडला. लोक बाजूला झाले. परशुरामाने उजवीकडे हँडल फिरवलं.

हँडल सहज फिरलं नाही; ओढून ओढून तो कसाबसा आंबोलीच्या रस्त्याला लागला. इतके दिवस एकाच बाजूला वळून वळून हातांना तीच सवय झाली होती. सरळ रस्त्यावर सायकल डावीकडे ओढ खाई आणि तो गटाराच्या कडेपर्यंत जाऊन परत येई. मागून मंडळाची पाचसहा पोरं सायकलींवर निघाली, त्यांत हरिश्चंद्रही. ते सोबतीला आहेत की पाय टेकतो का ते बघायला, हे त्याला कळेना. रस्ता मोकळा होता, वारा होता, पण कोंडल्यासारखं वाटणं गेलं नाही. माडखोलच्या बायका अंगणात आल्या आणि त्याचा अवतार बघून नुसत्याच उभ्या राहिल्या.

दाणोलीच्या अलीकडे चढ लागतो. पाव लादून तो हा चढ रोज शीळ घालत चढायचा. आज अर्ध्यावर सायकल थांबायला आली, पुढचं चाक लटपटलं. तेवढ्यात पाठीवर कोणाचा तरी हात लागला आणि ढकलू लागला. त्याने मान वळवली. हरिश्चंद्र होता. घामाघूम, टोपी गेलेली, एका हाताने स्वतःची सायकल सांभाळत तो धापा टाकत होता.

भावाचं घर रस्त्यालगतच होतं. परशुराम खळ्यात शिरला आणि तुळशीभोवती फिरू लागला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. भाऊ आणि वहिनी बाहेर आली. त्याला बघून त्यांनी आत जाऊन म्हातारीला कांबळ्यासकट उचलून पडवीत आणलं.

"कोण तो फिरता?" यमुनाबाईने विचारलं. तिला धड दिसत नव्हतं.

"तुझो परसू," भाऊ म्हणाला.

"उतर रे बाबा."

"आये, आयतवार उद्या आसा." तो रडत होता आणि फिरत होता. "तुझा गाऱ्हाणा आसा मा?"

म्हातारीला दम लागला. थोडं थांबून ती म्हणाली, "गाऱ्हाणा माझा, मी मोडतंय. देवाक मी सांगान. थंयच तर जातंय."

परशुरामाने पाय खाली टेकला. गुडघे मुडपले आणि तो सायकलखाली कोसळला. चालता येईना, म्हणून शेणाने सारवलेल्या खळ्यातून तो रांगत पडवीपर्यंत गेला आणि आईच्या कांबळ्यात तोंड खुपसलं.

त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या पायांत बळ आलं नाही. पडवीत आईशेजारीच त्याचं अंथरूण घातलं. दोघं आजारी एकमेकांशेजारी पडून असत. यमुनाबाईचा सगळा जन्म घाटाच्या पायथ्याशी गेला, पण घाटावर ती कधी गेली नव्हती. ती विचारी आणि तो सांगे: आंबोलीच्या पुढे वाट कशी वळते, चौकुळला घरांची छपरं कशी, गेळ्याच्या कड्यावरून आपलं दाणोली केवढं दिसतं. ऐकता ऐकता तिला झोप लागे. एका सकाळी ती उठलीच नाही. आईला अग्नी द्यायचा तो धाकट्याने. दोघांनी काखेत हात घालून त्याला नेलं.

आईचे दिवस झाले, आणि सावंतवाडीला मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. त्याने नको म्हटलं, पण बेकरीच्या मालकालाच त्यांनी घरी पाठवलं होतं. स्टेजवर त्याला खुर्चीत बसवलं, शाल घातली. हरिश्चंद्राने भाषण केलं आणि शेवटी सांगितलं, की आपल्या ‘अखंड परशुरामाने’ रविवारचा सूर्य मावळेपर्यंत पाय जमिनीला लावला नाही. हे सांगताना त्याने परशुरामाकडे बघायचं टाळलं.

परशुराम उठला. "मी शनवारीच उतरलंय," तो म्हणाला. "हरीबाबू थंय होतो. आवशीन सांगल्यान म्हणान उतरलंय."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "केवढो साधो माणूस!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो आणखी काही बोलत होता, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही.

तो पुन्हा पाव पोचवू लागला. शिमग्यापर्यंत सायकलवर बसला नाही. टोपली लादून हाताने ढकलत नेई. देवसूला पाव पोचायला दुपार व्हायची आणि लोक कुरकुरत. वाटेत पोरं हाक मारीत, "अखंड परशुराम इलो रे!" तो थांबून सांगे, "मी उतरल्लंय रे, उतरल्लंय." ती ऐकून घेत, पाव घेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक मारीत.