बेवारस घर

"बेवारस घरं जेवणाच्या सुट्टीनंतर उडणार. यंत्राला सांगून ठेवलंय," साहेब दारातूनच म्हणाले.

माझा डबा उघडायचा राहिला तो राहिलाच.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला सर्व्हर तेव्हा मी सांभाळायची. प्रत्येक कर्मचाऱ्याची त्यावर स्वतःची जागा असे, होम डिरेक्टरी. आम्ही तिला सरळ घर म्हणायचो. आपल्याला मालकाचं नाव दिसतं, पण सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या लेखी मालक म्हणजे एक आकडा. माणूस गेला की नियमाप्रमाणे नाव पुसायचं. मग घरावर नुसता आकडा उरतो. त्यालाच साहेब बेवारस म्हणत.

त्यात वारलेल्या नकाशेकाकांचं घर होतं. त्यांचं आडनाव वेगळंच, पण जमिनीखालचे नळ कागदावर उतरवण्यात जन्म गेला, म्हणून ते नकाशेकाका.

"साहेब, त्यांची मुलगी आजच रुजू होतेय. त्यांच्याच टेबलावर."

"बाई, कामाचे नकाशे केव्हाच काढून घेतलेत. आता काय राहिलंय तिथे?"

"मला काय माहीत? दुसऱ्याच्या घरात मी डोकावत नाही."

साहेब हसले. "मग वारस लावा. पण वरून मंजुरी आल्याशिवाय खातं उघडायचं नाही. आणि मी थांबवणार नाही हं, एकासाठी थांबलं की सगळे रांग लावतात."

मी वरच्या मजल्यावर फोन लावला.

"कागद सहीला गेलाय, बाई."

"आणि सही करणारे?"

"ते जेवायला गेलेत."

मुलगी समोर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "काकू, नवीन घर दिलंत तरी चालेल हो. बाबा कामातलं कधी काही बोलायचेच नाहीत."

"तू गप्प बस गं!" मी ओरडलेच. मग पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

लोक हात पुसत जाग्यावर परतू लागले तेव्हा कुठे कागद आला. यंत्राच्या मर्जीवर सोडलं असतं तर त्याने तिला पुढचा आकडा आणि कोरं, रिकामं घर दिलं असतं, आणि बापाचं घर गेलं असतं. म्हणून तिच्या नावापुढे बापाचा जुना आकडा, जुनं घर, सगळं हाताने लिहायचं होतं. आकड्यात उलटापालट झाली. पुसलं. पुन्हा लिहिलं. एंटर दाबलं.

पडद्यावर काही नाही. ही त्या यंत्राची खोडच, काम झालं की ते बोलत नाही. पण त्या दिवशी मला ते गप्प बसणं सोसवेना. मी घरांची यादी मागवली. आकड्याच्या जागी मुलीचं नाव आलं होतं.

थोड्या वेळाने पुन्हा यादी मागवली. बाकीची बेवारस घरं गेली होती.

"जा आत. पासवर्ड टाक, मी बघत नाही," म्हणून मी पाठ फिरवली. कळांचा आवाज झाला, थांबला.

"काकू."

पडद्यावर आत शिरताक्षणी दिसेल अशी एक ओळ नकाशेकाकांनी स्वतःसाठी लिहून ठेवली होती: आधी चष्मा घाल, मग बस.

पोरीला चष्मा नव्हता. तरी तिचा हात नाकाशी गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला. मग तिने खुर्ची पुढे ओढली.