रविवारचा फोन

बाबांना पुरलं त्या दिवशी मी दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेले. तिथून टॉर्मडनं मला परत पाठवलं. आमच्या गावात पूर्वी बायका कबरीपाशी जात नसत. शेजारच्या गावांत आता जातात आणि कोणी काही म्हणत नाही. पण टॉर्मड चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक आहे आणि तो माझा थोरला भाऊही आहे. शवपेटी खाली सोडायच्या दोऱ्या जवळच्या माणसांनी धरायच्या असतात. डोक्याकडची दोरी त्यानं धरली. पायाकडची एका चुलतभावानं, ज्याला बाबांचा आजार कोणता होता हेही ठाऊक नव्हतं. मी वाऱ्यात उभी राहून पुरुषांच्या पाठी पाहिल्या आणि घरी येऊन सँडविचं कापली.

इंग्लंडच्या नोकरीचा विचार मी त्याआधीपासून करत होते. हे सांगून ठेवायला हवं, कारण आता आमच्या उत्तरेकडच्या लुइस बेटावर सगळीकडे, मी रागाच्या भरात गेले, असं बोललं जातं.

मी रफूचं काम करते. मागावरून उतरलेलं लोकरी कापड उजेडासमोर टांगायचं, तुटलेला, सुटलेला, चुकलेला धागा शोधायचा आणि तो सुईनं असा भरायचा की तिथे काही झालं होतं हे कापडालाही आठवू नये. बाबा विणकर होते. घरामागच्या शेडमध्ये ते विणत आणि मी त्यांच्या चुका काढत असे. ते गेले तेव्हा एक कापड मागावर अर्धवट राहिलं होतं. गिरणीचा गाडीवाला आला आणि ते तसंच कापून घेऊन गेला.

हडर्सफील्ड नावाच्या गावातल्या एका गिरणीत रफूवाल्या बाया म्हाताऱ्या होऊन घरी बसल्या होत्या आणि नव्या मुलींना शिकवायला कोणी उरलं नव्हतं. मी नमुना म्हणून पाठवलेलं काम त्यांना आवडलं. ते गाव मी कधी पाहिलं नव्हतं. वाचनालयातल्या संगणकावर मी त्याच्या रस्त्यांचे फोटो उघडून पाहत बसायचे: काजळी बसलेल्या दगडी घरांच्या रांगा, खांबांचं मोठं स्टेशन, गावाभोवती गरगर फिरणारा मोटारींचा रस्ता. त्या फोटोंत माणसांचे चेहरे पुसून टाकलेले असतात. एका दुकानाच्या दारात एक बाई पिशवी घेऊन उभी होती, तिलाही चेहरा नव्हता. मी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या गावाबद्दल मला काही वाटावं म्हणून मी प्रयत्न करत होते. काही वाटत नव्हतं. वाटलाच तर राग.

तिथला खातेप्रमुख हेपवर्थ नावाचा होता. पहिल्याच बोलण्यात त्यानं विचारलं, “तुमच्या बेटावर झाडंच नसतात म्हणे? मग कुत्री बिचारी काय करतात?” आणि स्वतःच खदखदून हसला. मी हसले नाही. शुक्रवारी तो म्हणाला, जागा तुमची आहे, येता का बोला. मी म्हटलं, सोमवारी सकाळी सांगते.

मधे रविवार होता.

रविवारी दुपारची प्रार्थना आटोपली की टॉर्मड आणि डोलिना आत्या जेवायला येतात. बाबा होते तेव्हाही येत. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायचे, मटणाचं सूप शनिवारीच शिजवायचं. रविवारी फक्त गरम करायचं. माग बंद, रेडिओ बंद, दोरीवर एक रुमालसुद्धा नाही. त्या दिवशी आत्या खुब्याच्या दुखण्यामुळे दोन उशा घेऊन बसली. टॉर्मडनं प्रार्थना म्हटली. ती लांब होती आणि तिच्यात ‘कळपापासून भटकू पाहणारे’ दोनदा आले.

“सुपात मीठ नाही,” आत्या म्हणाली.

“घाल की वरून.”

“वरून घातलेलं मीठ वरच राहतं.” ती सूप पीत राहिली.

टॉर्मडनं पाव मोडला. “तुझं इंग्लंडचं कळलं. गिरणीच्या गाडीवाल्याकडून. माझ्या बहिणीची बातमी मला गाडीवाला देतो.”

“तू विचारलं असतंस तर मी दिली असती.”

“आता विचारतो. जाणार आहेस?”

“ठरलेलं नाही.”

“मग ठरवण्यासारखं काही नाही. घर आणि जमिनीचा पट्टा माझ्या नावावर झाला, ते तुला माहीतच आहे. मी काही तुला बाहेर काढत नाहीये. तू राहा. हिवाळ्याच्या आत आत्या इथे राहायला येईल. खालची खोली तिला.”

“बाबांची?”

“रिकामी आहे ना?”

“मला कोणी विचारलं?”

“तुला काय विचारायचं? तू इथेच तर असतेस.”

“मी कोणावर ओझं व्हायला येत नाहीये,” आत्या म्हणाली. “माझा पलंग मी घेऊन येईन. गादीसकट. तुझ्या बापाच्या गादीवर मी निजणार नाही, तिला मधे खड्डा आहे.”

“आत्या, मी नसले तर?”

“नसायला काय झालं? कुठं ते गाव... हडर... ते. तिकडे लोक रविवारी कपडे धुतात. भर दुपारी वाळत घालतात, आतलेसुद्धा. आपल्या अ‍ॅनाच्या सुनेनं पाहिलंय स्वतः.”

“पाहायला ती रविवारीच बाहेर पडली होती वाटतं.”

“जिभेला हाड नाही तुझ्या. आईवर गेलीस.”

टॉर्मडनं चमचा खाली ठेवला. त्याला आवाज चढवावा लागत नाही. चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी तोच एकटा गाऊन लावून देतो, त्यामुळे त्याच्या हलक्या आवाजालाही लोक गप्प होतात. “तिथे तू कोण आहेस, मर्डिना? एक बाई. इथे तुला दारात पाहिलं की लहान मूलही सांगेल, ही रॉरी विणकराची पोर मर्डिना.”

“फाटकावर थांबवलंस तेव्हा मी कोणाची होते?”

आत्यानं बटाटा चमच्यानं चिरडला.

तेवढ्यात फोन वाजला.

आमच्याकडे रविवारी फोन वाजत नाही. वाजला तर कोणीतरी गेलेलं असतं. बाबांची बातमी हॉस्पिटलातून अशीच आली होती, याच टेबलावर, रविवारीच. आत्याचा हात गळ्यापाशी गेला. टॉर्मडचा चेहरा उतरला आणि क्षणभर तो मला लहानपणीसारखा दिसला. मी उठले. मोबाइल आमच्या घरात चालत नाही, म्हणून मी हेपवर्थला घरचा नंबर दिला होता, हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही. मी हॉस्पिटल, वादळ, समुद्रावर गेलेले शेजारी, असं सगळं आठवत रिसीव्हर उचलला.

“मर्डिना पोरी! हेपवर्थ बोलतोय. म्हटलं रविवार आहे, नक्की घरी सापडशील.”

त्याच्यामागे टीव्हीवर फुटबॉलचा आरडाओरडा चालू होता. आमचा फोन जुना. त्यातून आलेला आवाज खोलीभर ऐकू जातो.

“हे बघ, सोमवार विसर. आमचे मोठे साहेब आज संध्याकाळच्या विमानानं इटलीला चाललेत, मशीनं बघायला. निघण्याआधी त्यांना नाव हवंय. सहाच्या आत हो की नाही, एवढंच. नाहीतर गॅलाशील गावची एक रफूवाली बाई आहे, ती आज म्हटलं तर आज बॅग भरते.”

“मिस्टर हेपवर्थ, आमच्याकडे रविवारी कोणी—”

टॉर्मडनं माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. त्याची इंग्रजी बायबलमधली आहे, सावकाश आणि इस्त्री केलेली. “माझी बहीण प्रभूच्या दिवशी धंद्याचं बोलत नाही. आणि ती तुमच्याकडे येणार नाही. नमस्कार.” रिसीव्हर खाली ठेवून तो टेबलाशी परत आला.

“कोण गेलं?” आत्यानं विचारलं.

“कोणी नाही, आत्या.”

“मग वाजला कशाला?”

मी फोनपाशीच उभी होते. सोमवारी सकाळी फोन करता आला असता, आणि त्यात कोणाचा काही दोष निघाला नसता. फक्त तोवर गॅलाशीलच्या बाईचं नाव साहेबांबरोबर इटलीला पोचलं असतं. जायचं असेल तर आजच बोलायला हवं होतं, या खोलीत, या दोघांसमोर. आणि त्या हेपवर्थशी, ज्याला माझ्या गावाचा रविवार म्हणजे बाई घरी सापडण्याची सोय वाटत होती. त्या घडीला मला त्याचाही संताप आला होता. जायचं की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं.

टॉर्मडनं पुन्हा चमचा उचलला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन आणि माझ्यामधे तो उभा राहिला असता, वायर काढली असती, तर कदाचित मी रडले असते आणि राहिले असते. पण त्याला तशी गरजच वाटली नाही. तो सूप पिऊ लागला.

मी नंबर फिरवला. तो मला पाठ झाला होता, हे मलाही तेव्हाच कळलं.

“मर्डिना,” टॉर्मड म्हणाला. “बाबांच्या घरात. रविवारी.”

“घर तुझं झालंय, आत्ताच म्हणालास. बाबांचं असतं तर फोन केला नसता.”

आत्यानं डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

“तो कोण होता, पोरी?” पलीकडून हेपवर्थ म्हणाला. “न्यायाधीश की काय?”

“माझा भाऊ. माझं उत्तर हो आहे. महिनाअखेरीस येईन. आणि मला पोरी म्हणू नका. आणि रविवारी फोन करू नका.”

“बरं बाई,” तो म्हणाला. मग एकदम ओरडला, “गोल!” ते मला उद्देशून नव्हतं. मी फोन ठेवला.

टॉर्मडनं कोट चढवला. आत्याला दोन्ही हातांनी उठवलं. मी पुढे केलेला हात तिनं घेतला नाही. दारात ती म्हणाली, “पलंग मी आणणार होते. स्वतःचा.” मला तिची दया आली. पण मी काही म्हटलं असतं तरी तिनं ते घेतलं नसतं.

भांडी मी तशीच ठेवली, ती सोमवारी धुवायची असतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला मी चालत निघाले. नेहमी टॉर्मडची गाडी फाटकाशी थांबते. त्या दिवशी ती मागून आली आणि वेग कमी न करता शेजारून गेली. मी रस्त्याच्या कडेला पाणथळीत उतरले. काचेतून आत्याची काळी टोपी समोर पाहत होती. रस्त्याकडेच्या घरांत पडदे हलले. फोनची बातमी माझ्याआधी चर्चला पोचली होती. ती कशी पोचली कोण जाणे, रविवारी कोणी फोन करत नाही.

आमचा बाक खिडकीखाली आहे. माझ्या जागेवर आत्यानं तिची पर्स ठेवली होती, पर्सवर बायबल आणि बायबलवर हातमोजे. मी उभी राहिले. तिनं वर पाहिलं नाही. बाकाची शेवटची जागा, वाटेच्या कडेची, बाबांची. ते गेल्यापासून तिथे कोणी बसलेलं नव्हतं. अशा जागी आमच्याकडे पाहुण्यालाही बसू देत नाहीत. ती पुढेमागे टॉर्मडचीच होणार होती.

मी तिथे बसले. मागच्या बाकावर कोणाचा तरी खोकला अर्ध्यात थांबला.

टॉर्मड पुढे उभा होता. त्यानं मला पाहिलं. त्यानं स्तोत्राची ओळ लावायची आणि ती आम्ही सर्वांनी उचलायची, अशी रीत. ओळ यायला उशीर झाला, लोक वाट पाहत राहिले. मग ती आली, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. मी ती उचलली.