शेवंतीचं शेत

आमच्या इमारतीचं नाव 'शेवंती', आणि फुलाचं नाव म्हणून ते सगळ्यांना गोड वाटतं. वाटू दे बापडं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याची ही जमीन आमची होती, भाताची, आणि शेवंती म्हणजे माझ्या पणजोबांची विधवा बहीण. पीक राखायला तिला शेतातल्या खोपटात ठेवलं, कापणी झाली की न्यायला येतो म्हणाले, आणि कुणी गेलंच नाही. खाणारं एक तोंड कमी झालं, दुसरं काय! ती तिथेच मेली आणि शेताला तिचं नाव पडलं.

तेव्हापासून दसऱ्याच्या संध्याकाळी तिला एकदा हाक मारायची, अशी घरात रीत आहे. नुसतं नाव घ्यायचं, 'ये' म्हणायचं नाही. शेत विकलं, इमारत उठली, तरी आई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून "शेवंते!" अशी हाक मारायची आणि लगबगीने दार लावून घ्यायची.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी एकटा, लग्न राहूनच गेलं. गेल्या दसऱ्याला सोनं द्यायलासुद्धा कुणी आलं नाही, दिवसभर तोंडातून शब्द निघाला नव्हता. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून हाक मारली आणि बोलून गेलो, "ये गं घरी." देवाशपथ सांगतो, मला फक्त कुणीतरी हवं होतं.

आठवड्याने शेजारच्या लताने जिन्यात अडवलं.

"सुबोध, तुझ्याकडे त्या कोण आल्यात रे? सकाळी सहाला पाखरं हाकलत बसतात, हो हो करून. झोपेची वाट लागली यार."

"माझ्याकडे कुणी नाही."

"बरं, नको सांगूस," म्हणाली आणि हसत खाली गेली.

मला तर काही ऐकू येत नव्हतं. पण त्या दिवशी लक्षात आलं, की ज्या कबुतरांनी इतकी वर्षं माझा जीव खाल्ला, त्यांतलं एकही आता आमच्या कठड्यावर बसत नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी रात्री आमटी करताना हात आपोआप थोडी जास्त डाळ घेऊ लागला.

मग इमारत पाडायचं ठरलं. कांदिवलीहून पुतण्याचा, निहारचा फोन आला. "काका, भाड्याचं घर शोधू नका, आमच्याकडेच राहायचं. इमारत रिकामी झाली की न्यायला येतो." मी डोळे पुसले. बॅग भरून दाराशी ठेवली. माणसांत जायचं होतं मला, पोरांच्या गोंगाटात.

एकेक बिऱ्हाड हललं. लता जाताना म्हणाली, "त्यांनाही नेणार ना रे?" मी मान हलवली.

इमारत रिकामी होऊन आज सतरा दिवस झाले. वीज तोडलीय. निहार आधी म्हणाला रविवारी येतो, मग म्हणाला पुढच्या रविवारी, आणि आता फोन उचलत नाही.

आज पहाटे मात्र मला तिचं हाकलणं पहिल्यांदाच ऐकू आलं. आवाज बसलेला होता, थकलेला. मी उठलो, गॅलरीचं दार उघडलं आणि म्हटलं, "तू पड जरा, आत्या."

मग उजाडेपर्यंत पाखरं मीच हाकलली.